रोह्यातले नऊ दिवस

"तुम्हा शिक्षकांचं बरं असतं," हे वाक्य अनसूयाला वर्षभर कोणी ना कोणी ऐकवायचं. दूधवाला ऐकवायचा, बँकेतली बाई ऐकवायची, विराजच्या कंपनीतले मित्र तर घरी चहाला आले की पहिलं तेच म्हणायचे. दीड महिना सुट्टी! ती हसून सोडून द्यायची. गडब गावापासून आत, भातशेतीच्या मधोमध तिची शाळा होती. चार वर्ग आणि दोन शिक्षक. वर्षभर शिकवणं कमी आणि सरकारी माहिती भरणं जास्त. पण एक गोष्ट ती अभिमानाने सांगायची. बारा वर्षांच्या नोकरीत तिने एकाही मुलावर हात उगारला नव्हता.

अनसूया हे नाव तिच्या वयाच्या मानाने जुनं. आजी वारली त्याच वर्षी ती जन्मली, म्हणून आजीचंच नाव ठेवलं. पेणमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, नवरा विराज नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत शिफ्टमध्ये, आणि साडेपाच वर्षांची इशिता, जून महिन्यात पहिलीत जाणारी. शेजारी गणपतींचा कारखाना. मे महिन्यात तिथे मूर्ती घासायचं काम सुरू झालं की धुळीमुळे खिडक्या बंद ठेवाव्या लागायच्या आणि घराची भट्टी व्हायची. त्यामुळे परीक्षेचे निकाल लागले की इशिताचा एकच घोशा असायचा, "आजोबांकडे कधी?"

आजोबा म्हणजे अनसूयाचे वडील, हैबतराव. रोह्यापासून पाच-सहा किलोमीटरवर, कुंडलिकेच्या काठापासून थोडं वर त्यांची बारा एकर जमीन, आंब्याची बाग आणि अलीकडेच स्लॅब टाकलेलं घर. गावात अजून वजन होतं. मामलेदार आला तरी झोपाळ्यावरून न उठणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. आई चार वर्षांपूर्वी गेली. घरात आता हैबतराव, अनसूयाचा धाकटा भाऊ मिथुन आणि त्याची बायको सुरभी.

यंदा विराजलाही नऊ दिवसांची रजा मिळाली. मंगळवारी सकाळी तिघं पेणच्या स्टँडवरून एसटीत बसली आणि दुपारच्या जेवणाला बागेत पोचली.

फाटकावर नवी पाटी होती, 'निसर्गछाया'. मिथुनने कंपनीतली नोकरी सोडून बागेतच पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. चार खोल्या, समोर निळ्या फरशीचा पोहायचा हौद, झाडांना टांगलेले रंगीत दिवे. हे फोनवर कळलं होतं. न कळलेली गोष्ट एवढीच, की माडीवरची अनसूयाची खोलीही आता पाहुण्यांची झाली होती.

"ताई, तिथून नदी दिसते ना, लोकांना व्ह्यू लागतो," मिथुन म्हणाला. "तुम्ही खाली झोपा, पंखा लावलाय."

तिला थोडं लागलं. आणि पुढचे चार दिवस खरोखर इतके सुंदर गेले की ती खोली विसरून गेली. विराजने इशिताच्या पाठीला रिकामा डबा बांधून तिला हौदात सोडलं. दुसऱ्या दिवशी ती पाय मारायला लागली, तिसऱ्या दिवशी डबा नको म्हणून रडली. दुपारी फणस फोडायचा, हाताला तेल चोळून गरे काढायचे. रायवळ आंबे चोखून चोखून पोरीच्या कोपरापर्यंत रस. संध्याकाळी नदीवर. कृष्णाबाई सकाळी येताना पानाच्या द्रोणात करवंदं आणायची आणि इशिता तिची वाट बघत फाटकावर उभी राहायची.

कृष्णाबाई डोंगराच्या बाजूच्या कातकरवाडीतली. लग्न होऊन वाडीत आली तेव्हापासून या घरचं अंगण, गोठा, भांडी तिच्याकडे. अनसूयाला तिने पाठीवर घेऊन फिरवलेलं. आता साठीला आली होती, गुडघे धरायचे, पण हात थांबायचा नाही.

शुक्रवारी संध्याकाळी नदीच्या खडकावर बसून अनसूया विराजला म्हणाली, "खरंच बरं असतं रे आमचं शिक्षकांचं."

शनिवारी दुपारी पाहुणे आले.

दोन मोठ्या गाड्या, दहा मोठी माणसं, चार मुलं. गाडीतून आधी उतरला तो स्पीकर. तासाभरात बागेतला एकही पक्षी जागेवर राहिला नाही. बायका झाडाखाली खुर्च्या टाकून बसल्या आणि बाप्ये हातात ग्लास घेऊन कपड्यांसकट हौदात उतरले. त्यांच्यातला एक जाडगेला माणूस, ज्याला सगळे 'शेठ' म्हणत होते, हौदाच्या कडेला हनुवटी टेकवून गुटख्याची पिंक टाकत होता. दर थोड्या वेळाने, अगदी निवांत. निळ्या फरशीवर तांबडे ओघळ पाण्यात उतरत होते आणि त्याच पाण्यात त्याचीच मुलं तोंड बुडवून खेळत होती.

अनसूयाच्या पोटात ढवळलं. याच हौदात सकाळी इशिता होती.

"मिथुन, त्याला सांग की," ती भावाला म्हणाली.

"ताई, रिव्ह्यू लिहितात हे लोक. दोन दिवस डोळे मिटायचे."

डोळे मिटून भागण्यासारखं नव्हतं. फणसाच्या बुंध्याशी बाळाचं भरलेलं डायपर उघडंच पडलं होतं आणि त्यावर माशा. कोंबडीची हाडं अबोलीच्या वाफ्यात. एकजण सगळ्यांदेखत आंब्याच्या झाडावर मुतला आणि त्याची बायको हसली. पण सगळ्यांत जास्त शिसारी अनसूयाला आली ती दुसऱ्याच गोष्टीची. तिचे वडील, ते झोपाळ्यावरून न उठणारे हैबतराव, खांद्यावर टॉवेल टाकून हौदाच्या कडेला उभे होते. शेठने बोटाने खूण केली की वाकत होते. "बोला साहेब." "आणतो साहेब." शेठने ओला हात त्यांच्याच टॉवेलला पुसला आणि ते हसले. ते हसू तिने आयुष्यात कधी वडिलांच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. ओशाळं, लाळघोटं. तिने मान फिरवली.

इशिताला घरात आणून बसवलं, पण ती खिडकीच्या गजांना चिकटली होती. तिला सगळी गंमत वाटत होती.

रविवारी सकाळी माडीवरून वास आला. रात्री कोणीतरी तिथल्या बेसिनमध्ये, भिंतीवर, पलंगाच्या पायथ्याशी ओकलं होतं. अनसूया जिन्यावरूनच परतली. दहावीचा अभ्यास तिने त्या पलंगावर बसून केला होता. कृष्णाबाईने पदर नाकाला बांधला, बादली घेतली आणि गुडघ्यांवर हात ठेवत एकेक पायरी चढली. अर्ध्या तासाने खाली आली तर शेठ अंगणात मोबाइल घेऊन उभा.

"मावशी, इकडे बघा. म्हणा, वेलकम टू कोकण!"

तिला कळलं नाही. ती नुसती हसली. हातात ती घाणीची बादली तशीच. सगळे खिदळले. "अरे मावशी लाजल्या!" शेठने तिच्या गळ्यात हात टाकला, फोटो काढला, खिशातून एक नोट काढून तिच्या मुठीत कोंबली आणि म्हणाला, "मावशी आमची स्टार!"

अनसूया पडवीत उभी होती. अंगावर पाल पडावी तसं तिला झालं. दुपारी गाड्या गेल्या तेव्हा सुरभीने सुटकेचा श्वास टाकला, मिथुन खूश होता, हैबतराव परत झोपाळ्यावर बसले. "चांगली माणसं होती," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी हौद रिकामा करून घासायला घेतला होता. अनसूया विहिरीवरून कपडे धुऊन येत होती. अंगणात पाहुण्यांची प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत इशिता, पाय समोरच्या स्टुलावर, डोळ्यांवर बापाचा गॉगल. हातात कोकम सरबताचा ग्लास.

"ए मावशी!" ती ओरडली. "इकडे ये. हे उचल."

तिने तोंडातलं सरबत पचकन अंगणात थुंकलं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तांबडा डाग. कृष्णाबाई केरसुणी ठेवून हसत पुढे आली. इशिताने समोरची खाल्लेली ताटली उचलली, हात लांब केला आणि कृष्णाबाईच्या पसरलेल्या हातांत वीतभर उंचीवरून ती सोडून दिली. मग बोटं फ्रॉकला पुसली.

अनसूयाच्या हातातली कपड्यांची बादली खाली पडली. ती गेली आणि पोरीच्या थोबाडीत मारली.

गॉगल उडाला. इशिताने आवाजच काढला नाही. श्वास अडकल्यासारखी बघत राहिली, आणि मग असं रडायला लागली की विराज चपला न घालता धावत आला. अनसूया आपल्याच हाताकडे बघत होती. भयंकर गोष्ट ही की मारल्यानंतरही तिला पोरीची दया येत नव्हती. त्या चेहऱ्यावर तिला शेठ दिसत होता आणि किळस जात नव्हती. स्वतःच्या पोरीची किळस. असं काही आईला वाटू शकतं हे तिला माहीत नव्हतं.

"पोराला मारतेस कशाला गो?" कृष्णाबाईने इशिताला कडेवर घेतलं. "खेलत्ये ती."

"कसलं खेळणं? दोन दिवसांत त्या घाणेरड्या माणसांचं उचललंन हिने. थुंकणं, माणसाच्या हातात अशी वरून ताटली टाकणं..."

कृष्णाबाईला हसू आलं. तिने इशिताचं नाक पदराने पुसलं.

"थुकनं त्यांचं, व्हय. पन वरून टाकनं त्यांचं नाय गो. त्या बाप्याने तर माज्या गल्यात हात टाकला, नोट हातात दिली. हे वरून टाकनं तुमच्याच घरातलं हाय. थोरल्या अनसूयाबाई टाकायच्या. तुजा बापूस टाकतो. तू पन टाकतेस." तिने हे इतकं सहज सांगितलं, जसं काही आज वारा कुठून आहे ते सांगते आहे. "पोर घरचं बघनार, घरचंच करनार. त्यात मारायचं काय?"

आणि ती इशिताला घेऊन कोंबडीची पिल्लं दाखवायला मागे गेली.

अनसूया ओल्या कपड्यांच्या ढिगाजवळ बसून राहिली. आठवायचं काही नव्हतं, सगळं समोरच होतं. कृष्णाबाईची ताटली मागच्या पडवीत, भिंतीच्या कोनाड्यात. चहा सुरभी किटलीतून वरून ओतायची. भाकरी हैबतराव स्वतःच्या हाताने द्यायचे, प्रेमानेच द्यायचे, पण बोटं कधी टेकायची नाहीत. आणि ती स्वतः? दर दिवाळीला जुनी साडी आणायची, ती पायरीवर ठेवायची, "घे गं कृष्णाबाई." हातात का नाही दिली कधी? तिने ठरवून केलं असतं तर निदान लाज वाटली असती. ठरवलंच नव्हतं. हात आपोआप लांब व्हायचा. शाळेत ती समतेचे धडे शिकवायची, प्रतिज्ञा म्हणवून घ्यायची, आणि हा हात तिथेच खांद्याला लटकलेला असायचा.

संध्याकाळी तिने वडिलांपुढे विषय काढला.

"पद्धत असते ती," हैबतराव म्हणाले. "कृष्णाबाईला कधी वाईट वाटलंय का? विचार तिला. तिच्या मुलीच्या लग्नात मंडप कोणी घातला? आम्हीच ना?"

"परवा तो माणूस तुमच्या टॉवेलला हात पुसत होता अप्पा."

झोपाळा थांबला. "तो धंदा आहे," ते म्हणाले. "तू मास्तरीण आहेस, तुला महिन्याचा पगार येतो. आम्हाला शिकवू नकोस." आणि ते उठून आत गेले.

मंगळवारी दुपारी अनसूयाने एक गोष्ट केली, जी केल्यावर तिला वाटलं, न केली असती तर बरं झालं असतं. पानं मांडली तेव्हा तिने कृष्णाबाईला हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं आणि आपल्या शेजारी पाटावर बसवलं. सुरभीच्या हातातला डाव तसाच राहिला. हैबतरावांनी ताटाला नमस्कार केला आणि ते उठून गेले. मिथुन ताटलीत बघत राहिला. कृष्णाबाई अंग चोरून बसली होती. तिने भाताचा एक घास घेतला, तो तोंडात फिरत राहिला.

"मला सोड गो," ती हळूच म्हणाली. "माज्याच्याने घास उतरत नाय इथं. तुला बापसाशी भांडायचं तर भांड. मला मधी कशाला बसवतेस?"

ती आपलं ताट उचलून मागच्या पडवीत गेली आणि तिथे व्यवस्थित, पोटभर जेवली. तिथून तिचा भात कालवल्याचा आवाज येत होता. अनसूयाला आपल्याच चांगुलपणाची शिसारी आली. शेठने निदान फोटो काढून नोट तरी दिली होती. तिने काय दिलं होतं?

त्याच संध्याकाळी मिथुनने सांगितलं की शनिवारी अठरा माणसांचं बुकिंग आहे. "ताई, तुला सुट्टीच आहे, जरा सुरभीला हातभार लाव ना." अनसूयाने विराजकडे पाहिलं. विराज मितभाषी माणूस. तो एवढंच म्हणाला, "माझी रजा बुधवारी संपतेच. उद्या निघू."

बुधवारी कृष्णाबाई कामाला आली नाही. गुडघा सुजला होता, असा निरोप आला. अनसूया इशिताला घेऊन वाडीकडे निघाली. छत्तीस वर्षांत ती कधी तिथे गेली नव्हती. घरापासून वाट पंधरा मिनिटांची.

कुडाचं घर, वर पत्रे, आत आश्चर्य वाटावं असा स्वच्छ थंडावा. कृष्णाबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. मायलेकींना बघून दचकली, उठायला लागली. अनसूयाने तिला खाली बसवलं आणि म्हणाली, "मी काल तुला जेवायला बसवलं, ते चुकलं माझं."

"जाऊ दे गो. उन्हातून आलीस. पानी पी."

कोपऱ्यातल्या मडक्यातून तिने दोन पेले भरले. स्टीलचे पेले, घासलेले, एकाची कड थोडी चेपलेली. इशिताने पेला घेतला आणि घटाघटा रिकामा केला. "आजून दे," ती कृष्णाबाईच्या मांडीवर चढत म्हणाली. सोमवारचं ती कधीच विसरली होती.

अनसूयाने पेला ओठांपर्यंत नेला. आणि तिचा घसा बंद झाला.

पाण्यात काही नव्हतं. पेल्याला काही नव्हतं. तिने मनाला सांगितलं, समजावलं, दटावलं. पण आतून काहीतरी वर येत होतं, शनिवारी हौद बघून आलं होतं तसंच, अगदी तेच. तोंडात लाळ सुटली. हे सगळं क्षणभरच. तिने डोळे मिटले, घोट गिळला, दुसरा गिळला, पेला संपवला. डोळे उघडले तेव्हा कृष्णाबाई तिच्याकडेच बघत होती. रागाने नाही. खूप वर्षं माहीत असलेली गोष्ट पुन्हा एकदा दिसावी, तसं.

"आंबे घेतलेस का पोरीला?" कृष्णाबाईने विचारलं.

"घेतलेत," अनसूया म्हणाली.

अजून थोडा वेळ त्या बसल्या. गुडघ्याला काय लावायचं, मुलीकडे नात झाली तिचं नाव काय ठेवलं, असं बोलणं झालं. निघताना अनसूयाने कृष्णाबाईचा हात हातात घेतला. तो हात खरबरीत आणि गरम होता. या वेळी घशात काही आलं नाही, पण म्हणून तिला बरं वाटलं असंही नाही.

दुपारच्या एसटीत इशिता खूप रडली. तिला अजून राहायचं होतं, तिला आता डब्याशिवाय पोहता येत होतं. नागोठण्यापर्यंत तिने आईशी अबोला धरला. मग झोपली. विराजने विचारलं, "कृष्णाबाई काय म्हणाली?" तेव्हा अनसूयाने त्याला पाण्याचं सांगितलं. सगळं सांगितलं, घशापर्यंत. लग्नानंतर इतकं लाजिरवाणं तिने त्याला काही सांगितलं नव्हतं. "माझ्याही घशाशी आलं असतं की नाही, सांगता नाही येणार," तो म्हणाला.

उरलेली सुट्टी पेणमध्ये, बंद खिडक्यांत गेली. कोणी भेटलं की विचारायचं, "काय, रोह्याला मजा केलीत ना?" इशिता सांगायची, हो, खूप. आणि ते खोटं नव्हतं.

पावसाळ्यात कृष्णाबाईने काम सोडलं. गुडघ्यांनी चालवेना. हैबतराव फोनवर कुरकुरले, "आता बायका मिळत नाहीत गं." मिथुनचा धंदा चांगला चाललाय. अनसूया दिवाळीत गेली तेव्हा आधी वाडीवर गेली, साडी घेऊन, या वेळी नवी आणि हातात दिली. कृष्णाबाईने घडी उलगडून काठ बघितला आणि "रंग उठून दिसतो" म्हणाली. मग पाणी दिलं. अनसूया ते प्यायली. घसा पुन्हा अडखळला, पहिल्यापेक्षा कमी, पण अडखळला. पुढच्या सुट्टीतही ती जाणार आहे.